शिवारांतील प्रार्थना व शिवाराचें रक्षण

धर्मग्रामाच्या महोत्सवी अंकांत मंदिराच्या बांधणीचा, घंटेचा, वेदीचा व आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा इतिहास येतो, तो यावाच. परंतु मंदिराच्या भिंतींबाहेर जें शिवार पसरलें आहे त्यासाठीं ख्रिस्तसभेनें केलेल्या प्रार्थनेलाही एक इतिहास आहे. तो पंधराशें वर्षांहून जुना असून आमच्यांत त्याची चर्चा क्वचितच होते. हल्लीं प्रवचनांत पर्यावरण हा शब्द वारंवार ऐकूं येतो, तेव्हां कित्येक वडीलधाऱ्यांस वाटतें कीं, हें कांहीं तरी नवें खूळ बाहेरून आलें. तसें तें नाहीं, हें वाचकांपुढें मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

ह्या कथेचा आरंभ गॉल देशांत, म्हणजे आजच्या फ्रान्समध्यें होतो. इ. स. ४७० च्या सुमारास ऱ्होन नदीकांठच्या व्हिएन्न नगरीवर एकामागून एक अरिष्टें कोसळलीं. भूकंपाचे धक्के बसत, आगी लागत, रानांतील हरिणें भर चौकांत शिरत. रोमन सत्तेचा आधार तर नाहींसाच होत चालला होता. मोठमोठे लोक नगर सोडून जाऊं लागले. अशा वेळीं तेथील बिशप संत मामेर्तुस ह्यांनीं स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीचे तीन दिवस उपास, पश्चात्ताप व मिरवणूक ह्यांसाठीं नेमून दिले. लोक येतील कीं नाहीं ह्याची त्यांस शंकाच होती. म्हणून पहिल्या दिवशीं त्यांनीं नगराच्या तटाबाहेरचें अगदीं जवळचें मंदिर निवडलें. परंतु लोक इतक्या कळवळ्यानें आले कीं, त्यांस ती वाट फारच थोडी वाटली. लॅटिन भाषेंत ‘रोगारे’ म्हणजे मागणें. त्यावरून ह्या दिवसांस रोगातिओ असें नांव पडलें. आम्ही त्यांस याचना-दिवस म्हणूं.

शेजारच्या क्लेर्मों नगरीचे बिशप सिदोनियुस ह्यांनीं हाच प्रघात आपल्या लोकांत सुरू केला. एका मित्रास लिहिलेल्या पत्रांत ते पूर्वींच्या प्रार्थनांविषयीं मोठ्या खुमासदारपणें लिहितात. त्या प्रार्थना ढिल्या व अनियमित असत, मध्येंच जेवणें उरकून घेतलीं जात, आणि मागणें काय, तर बहुधा पाऊस तरी नाहीं तर उघाड तरी. आतां कुंभाराला उघाड हवी आणि माळ्याला पाऊस हवा; मग दोघांनीं एका मिरवणुकींत काय मागावें? हा विनोद आम्हांस फार मार्मिक वाटतो. ज्याला त्याला आपापल्या धंद्यापुरतें हवामान हवें असेल, तर ती प्रार्थना नव्हे, तें गिऱ्हाइकाचें मागणें झालें. मामेर्तुसांनीं केलें तें हें कीं, त्यांनीं मागण्याच्या आधीं उपास ठेविला. मागणाऱ्यानें प्रथम आपला हात आंखडावा, मग तो पसरावा, हा ह्या दिवसांचा मूळ क्रम होता.

इ. स. ५११ मध्यें ऑर्लेआंच्या धर्मपरिषदेनें हे तीन दिवस सर्व गॉल देशांत पाळावे असें ठरविलें. त्या ठरावांत एक कलम असें होतें कीं, ह्या दिवशीं दास व दासी ह्यांस कामांतून मोकळें करावें, म्हणजे अवघी मंडळी एकत्र जमेल. जे शेत कसतात त्यांना बांधावर राबत ठेवून धन्यानें शेतासाठीं प्रार्थना करावी, हें त्या परिषदेस पटलें नाहीं. पुढें पोप तिसरे लिओ ह्यांच्या काळीं, म्हणजे इ. स. ८०० च्या आसपास, हे दिवस रोमनगरींतही रूढ झाले.

रोमेंत त्याआधींपासून दुसरी एक मिरवणूक होतीच, ती २५ एप्रिलची. ख्रिस्तपूर्व रोमन लोक त्या दिवशीं रोबिगालिया नांवाचा विधि करीत. गव्हावर पडणारा तांबेरा ही एक देवताच आहे असें समजून तिला शांत करण्यासाठीं कुत्रा बळी देत. ख्रिस्ती लोकांनीं बळी टाकला, देवता टाकली. परंतु दिवस ठेविला, बहुतांशीं वाटही तीच ठेविली आणि ओठांवर संतांची लितानी घेतली. इ. स. ५९८ मध्यें थोर संत ग्रेगरी पोप ह्यांनीं ह्या मिरवणुकीस लोकांस बोलावल्याचा लेख आहे. शेतकऱ्याची धास्ती खरी होती. तांबेरा कांहीं धर्म बदलल्यानें जात नाहीं. म्हणून ख्रिस्तसभेनें ती धास्ती हसण्यावारी न नेतां योग्य स्थळीं नेऊन ठेविली. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथाच्या परंपरेंत उंदीर, टोळ व किडे ह्यांपासून शेत राखण्याची प्रार्थना आढळते, तीही ह्याच भावनेंतून.

मध्ययुगांत ह्या मिरवणुकींस एक नवें अंग फुटलें, आणि आमच्या मतें तेंच सर्वांत महत्त्वाचें आहे. क्रूस पुढें, मागें धर्मगुरु, त्यांमागें सारा गांव, अशी ही मंडळी धर्मग्रामाच्या शिवेवरून चालत जाई. नकाशे नव्हते, सात-बारा नव्हता. शीव होती ती लोकांच्या आठवणींत. इंग्लंडांत तर लहान मुलांस मुद्दाम बरोबर नेत आणि सीमेच्या दगडावर त्यांस आपटीत, कोठें छड्याही मारीत, म्हणजे तें ठिकाण जन्मभर विसरूं नये! ही शिकवणी आम्हांस मान्य नाहीं, पण हेतु समजतो. १५५९ सालीं राणी एलिझाबेथनें इतर मिरवणुका बंद केल्या, तेव्हां देखील ही शिवेची फेरी तेवढी राहूं दिली. १६५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण धर्मगुरूविषयींच्या आपल्या ग्रंथांत जॉर्ज हर्बर्ट ह्या आंग्ल धर्मगुरूनें ह्या फेरीचे लाभ सांगितले आहेत. शेतांवर देवाचा आशीर्वाद मागतां येतो, शिवेचा न्याय राखला जातो, बरोबर चालतां चालतां शेजाऱ्यांतील भांडणें मिटतात, आणि गरिबांस दानधर्म होतो. म्हणजे प्रार्थना, जमीन, शेजार व गरीब हीं एकाच वाटेनें चालत होतीं. कोणी बांध सरकविला, कोणी पाणवाट अडविली, कोणी गायरान गिळलें, तर वर्षांतून एकदां साऱ्या गांवाच्या डोळ्यांदेखत तें उघड पडे.

संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांच्याविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. सूर्यास बंधु म्हणणारें त्यांचें स्तोत्र सर्वांस ठाऊक आहे, आणि १९७९ सालीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं त्यांस पर्यावरण-अभ्यासकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें, हेंही. त्यांच्या चरित्रांतील एक बारीकसा तपशील मात्र सांगण्याजोगा आहे. मठाच्या मळ्याचा कांहीं भाग न खणतां तसाच ठेवावा, म्हणजे तेथें रानफुलें व गवत आपोआप उगवेल, असें त्यांनीं माळीबंधूस सांगितलें होतें.

आमच्या किनाऱ्यावर ही परंपरा नव्या कणसांच्या आशीर्वादाच्या रूपानें नांदली. गोव्यांत राय येथें ५ ऑगस्टला व ताळगांवीं २१ ऑगस्टला भाताचीं पहिलीं कणसें कापून वेदीपाशीं आणतात. मुंबई व साष्टी येथील ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं आगेरा साजरा करतात. सण मोठ्या हौसेनें होतो, वाजंत्री वाजते, लुगडीं नेसून स्त्रिया मिरवतात. परंतु ज्या गांवठाणांभोंवतींचीं भातखाचरें इमारतींखालीं गेलीं, तेथें आशीर्वादासाठीं कणसें दुरून आणावीं लागतात. आशीर्वाद आहे, पण ज्याला द्यावयाचा तें शेतच नाहीं, असा हा विलक्षण प्रसंग आहे.

ह्याच काळांत रोमेकडेही एक बदल झाला. १९६९ सालच्या नव्या पंचांगानें याचना-दिवस कसे व केव्हां पाळावे हें त्या त्या देशाच्या बिशपांवर सोंपविलें, आणि पुष्कळ ठिकाणीं ते न पाळतांच राहून गेले. त्यानंतर वीस वर्षांनीं, १९८९ सालीं, कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क दिमित्रिओस ह्यांनीं १ सप्टेंबर हा दिवस सृष्टीच्या रक्षणासाठीं प्रार्थनेचा म्हणून नेमिला. त्यांच्या धार्मिक वर्षाचा तो पहिला दिवस. १९९० च्या १ जानेवारीस पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं आपला शांतिदिनाचा संदेश संपूर्णपणें ह्याच विषयास वाहिला. २०१५ सालीं पोप फ्रान्सिस ह्यांचें ‘लाउदातो सी’ हें विश्वपत्र निघालें, व त्याच वर्षीं ६ ऑगस्टला त्यांनीं ऑर्थोडॉक्स बंधूंचा १ सप्टेंबर हाच दिवस कॅथॉलिकांसही लावून दिला. २०२५ सालच्या जुलैंत सृष्टिरक्षणार्थ अर्पावयाच्या खास मिस्साचा विधिही प्रसिद्ध झाला, आणि पोप चौदावे लिओ ह्यांनीं ९ जुलैला कास्तेल गांदोल्फो येथील बागेंत तो मिस्सा अर्पिला. मंदिरांत शिरलेली प्रार्थना पुन्हां झाडांखालीं आली.

आमच्या वसईस मात्र इतका वेळ थांबावयास सवड नव्हती. येथील बागाइताचें रहस्य पाण्यांत आहे. एका बाजूस समुद्र, दोन बाजूंस खाड्या. पावसाचें गोडें पाणी रेताड जमिनींत जिरून खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतें. आमच्या पूर्वजांनीं वाडींत बावखलें खणलीं, पावसाळ्यांत तीं भरत व जमिनीस पाणी पाजीत. बैल रहाट ओढी, तो दमला कीं उपसा थांबे. राजेळी केळीं व पानवेली ह्या मापाच्या पाण्यावर पोसल्या. पुढें यंत्राचे पंप आले, ते दमत नाहींत. मागाहून टँकर आले, त्यांनीं हेंच पाणी विकण्यास नेलें. वरचा गोडा थर ओसरला कीं खालचें खारें पाणी चढतें, हें येथील कोणाही बागाइतदारास सांगावें लागत नाहीं.

१९८८ च्या सुमारास हरित पट्टा बांधकामास मोकळा करण्याचा सरकारी निर्णय झाला, आणि १९९० सालीं ह्या भागाचें नियोजन सिडकोकडे गेलें. तेव्हां ‘हरित वसई संरक्षण समिति’ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे अग्रणी; १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचे ते संपादक होते आणि तें मासिकही त्यांनीं ह्या कामीं लावलें. ख्रिस्ती, हिंदु व मुसलमान एकत्र चालले, स्त्रिया मोठ्या संख्येनें रस्त्यावर आल्या. धर्मगुरूनें वेदी सोडून मोर्चांत कां जावें, असें त्या वेळीं विचारणारे कमी नव्हते. त्यांस कोणीं मामेर्तुसांचें नांव सांगितलें असतें तर बरें झालें असतें. चळवळीस सर्वच यश आलें असें म्हणतां येणार नाहीं. पश्चिमेकडील बराच पट्टा हिरवा राहिला, इतरत्र इमारती चढल्या, ओहोळ व बावखलें बुजलीं. २०१८ च्या जुलैंत वसई कित्येक दिवस पाण्याखाली होती, तेव्हां पाण्यानें आपल्या जुन्या जागा शोधल्या. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजीं देवाघरीं गेले.

१ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे संत फ्रान्सिसांच्या सणापर्यंत, सृष्टीसाठीं प्रार्थनेचा काळ पाळण्याची रीत आतां पडली आहे. आमच्याकडे तेव्हां पाऊस सरत असतो व बावखलें कांठोकांठ भरलेलीं असतात. ह्या पांच आठवड्यांत एके दिवशीं तरी आमची मिरवणूक मंदिराच्या अंगणाबाहेर पडून वाड्यावाड्यांतून गेली, तर कोणतें बावखल शाबूत आहे, कोणतें अर्धें भरलें आणि कोणाच्या ओट्याखालीं कोणता ओहोळ गेला, हें बरोबर चालणाऱ्या मुलांस दगडावर न आपटतांही ठाऊक होईल.