टोपणनाव आणि वाचकाची नोंद

टोपणनाव ही मराठी साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित गोष्ट नाही. वि. वा. शिरवाडकर 'कुसुमाग्रज' या नावाने कविता लिहीत, राम गणेश गडकरी 'गोविंदाग्रज' या नावाने. त्या नावांमागचा माणूस कोण, हे पुढे सर्वांना ठाऊक झाले. तरी कोणत्या लेखनावर कोणते नाव घालायचे, हा अधिकार लेखकाचाच राहिला. वाचकाला मात्र टोपणनावाची गरज क्वचितच भासली. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या वहीत त्याची नोंद होई खरी. पण घरी नेलेल्या पुस्तकाचे कोणते पान त्याने पुनःपुन्हा वाचले आणि कोठे ते मिटून ठेवले, हे कोणालाही कळत नसे. वाचकाचे आणि प्रेक्षकाचे हे निनावीपण कसे ओसरले, हे पाहताना न्यूयॉर्कच्या न्यायालयातील एक खटला आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो.

यूट्यूब २००५ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी गूगलने ते १.६५ अब्ज डॉलरना विकत घेतले. मार्च २००७ मध्ये व्हायाकॉम या माध्यमकंपनीने त्यांच्यावर दावा लावला. आपले कार्यक्रम लोक परवानगीवाचून तेथे चढवतात व यूट्यूब त्यावर पैसे मिळवते, अशी तक्रार. आणि एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाईची मागणी. यूट्यूबची भिस्त १९९८ च्या अमेरिकन कायद्यावर होती. स्वामित्वहक्काचा भंग झाल्याची सूचना मिळताच संबंधित चित्रफीत काढून टाकणाऱ्या सेवेला त्या कायद्यात काही अटींवर संरक्षण आहे.

येथवर हा दोन कंपन्यांचा वाद होता. परंतु लोक परवानगी नसलेल्या चित्रफितीच अधिक पाहतात, हे सिद्ध करण्यासाठी व्हायाकॉमने पाहण्याच्या नोंदीच मागितल्या. १ जुलै २००८ रोजी न्यायाधीश लुई स्टॅन्टन यांनी त्या देण्याचा आदेश दिला. प्रेक्षकाचे लॉगिन नाव, वेळ, संगणकाचा आयपी पत्ता आणि पाहिलेली चित्रफीत, अशा या नोंदी सुमारे १२ टेराबाइट भरत होत्या. ज्याचा वादाशी संबंध नव्हता, तो प्रेक्षक पुरावा म्हणून न्यायालयात ओढला गेला.

न्यायालयाचा युक्तिवाद साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावा असा आहे. लॉगिन नाव हे वापरणाऱ्याने स्वतःच घेतलेले टोपणनाव असून केवळ त्यावरून विशिष्ट व्यक्ती ओळखता येत नाही. सबब खासगीपणाची भीती काल्पनिक आहे, असा त्याचा आशय. आयपी पत्त्यावरून बहुधा माणूस ओळखता येत नाही, असे गूगलने स्वतःच पूर्वी जाहीर केले होते. तेच विधान न्यायालयाने गूगलपुढे ठेवले.

हा विश्वास किती भाबडा होता, हे तोवर दिसून चुकले होते. २००६ साली एओएलने संशोधनासाठी सुमारे साडेसहा लाख लोकांचे दोन कोटी शोध प्रसिद्ध केले. नावांच्या जागी केवळ क्रमांक घातले. न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी त्यांपैकी एका क्रमांकामागची जॉर्जिया राज्यातील वृद्धा काही दिवसांतच शोधून काढली. शैलीवरून अनामिक लेखक ओळखणे हा आपल्या अभ्यासाचा जुना विषय. येथे कुतूहलावरून वाचक ओळखला गेला.

याच्या उलट धोकाही आहे, आणि तो आपल्या घराजवळचा आहे. ऑर्कुटवरील शिवाजी महाराजांविषयीच्या बदनामीकारक मजकुराच्या प्रकरणात २००७ साली पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याला अटक केली. आयपी पत्त्याबाबत पुरवलेली माहिती चुकीची निघाली. तोवर त्या निरपराध माणसाचे सुमारे पन्नास दिवस कोठडीत गेले होते. तेव्हा अशी नोंद माणसाला उघडे पाडते, आणि कधी भलत्यालाच गुन्हेगार ठरवते.

यूट्यूबच्या खटल्यात १४ जुलै २००८ रोजी उभय पक्षांत समझोता होऊन नावे व पत्ते बदलून नोंदी देण्याचे ठरले. मूळ दावा २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आणि २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा केला. या गोष्टींचे मोल आम्ही कमी लेखत नाही. तरी एक प्रश्न उरतोच. कलाकृती कोणाची, यावर न्यायालये वर्षानुवर्षे खल करतात. ती पाहिल्याची नोंद कोणाची, हे मात्र त्या खटल्यात कोणीच प्रेक्षकाला विचारले नाही. आपले वाचन कोणी टिपून ठेवत आहे, हे जाणणारा वाचक अडचणीच्या पुस्तकाकडे हात नेताना थबकेल. हे थबकणे कोणत्याही नोंदीत सापडणार नाही, आणि म्हणूनच आम्हांला त्याची अधिक चिंता वाटते.