संकठादेवीचे साकडे आणि मांत्रिकाचा गंडा

काशीत शिंदे घाटाला लागून, नागपूरकर भोसल्यांच्या घाटाच्या अलीकडे, संकठा घाट आहे. वर गल्लीत संकठादेवीचे देऊळ. रुग्णासाठी तिला साकडे घालणे निराळे आणि ‘औषध सोडा, मी बरे करतो’ म्हणणाऱ्या मांत्रिकावर विसंबणे निराळे. हा भेद कायद्यात उतरण्यास मात्र बराच काळ लागला. १९५४ च्या केंद्रीय कायद्याने ताईत-मंत्रांनी रोग बरे करण्याच्या जाहिरातींना आळा घातला. पण मांत्रिक जाहिरात कशाला देईल? त्याची कीर्ती कानोकानी पसरते. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी कडक कायद्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा यांना त्याने हात लावला नाही. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा मात्र गुन्हा ठरला. श्रद्धा किती खरी, हे न विचारता दवाखान्याची वाट कोण अडवतो, एवढेच त्याने पाहिले. हा कायदा महाराष्ट्रापुरता आहे. संकठा घाटावर उतरणाऱ्या मराठी यात्रेकरूला ती पारख स्वतःच करावी लागते.