मावळचे दप्तर

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, बोरघाटाच्या माथ्याशी वसलेल्या मावळ-लोणावळ्याची सामाजिक व व्यापारी कागदपत्रे एका जागी कधीच जमली नाहीत. घाटावर ज्याची सत्ता वा ज्याचे भांडवल चालले त्याच्या दप्तरात ती पडत गेली, आणि म्हणूनच येथे कागद काय सांगतो याइतकेच तो कोणी व कशासाठी ठेवला हेही पाहावे लागते.

सर्वांत जुनी नोंद कार्ल्याच्या कातळावर आहे. तेथील ब्राह्मी लिपीतील दानलेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी, म्हणजे धनिक व्यापारी, भूतपाल याच्यासह धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आणि तिथलाच सुतार सामी यांची नावे आढळतात. क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला करजिक हे गाव दिल्याचेही तेथे कोरले आहे, मात्र त्या गावच्या एकाही कुणब्याचे नाव त्यात नाही.

मराठेशाहीत आंदर, नाणे व पवन या तिन्ही मावळांचा हिशेब पेशवे दप्तरात गेला. पुण्याच्या पुराभिलेखागारातील हे बहुतांश मोडी कागद रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, ठेवलेले असून त्यांत रोजकीर्दी, म्हणजे दैनंदिन जमाखर्चाच्या वह्या, येतात. ब्रिटिशांनी ते इनामांच्या, म्हणजे सरकारने दिलेल्या जमिनी व उत्पन्नांच्या, चौकशीसाठी सांभाळले. निवृत्तीनंतर मावळातच, कामशेतला, राहिलेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. तथापि त्यांचा भर मुख्यतः राजकीय पत्रव्यवहारावर राहिला.

बोरघाटातील लोहमार्गाने नवे दप्तर निर्माण केले. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने व्यवस्थापक नेमून काम चालू ठेवले आणि घाटातील बांधकामाची छायाचित्रेही घेतली. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. कंत्राटदार व अभियंते यांची नावे त्या नोंदींत नीट लागलेली आहेत, तर पटकीने दगावलेले मजूर केवळ आकड्यांत उरले.

१९१० मध्ये स्थापन झालेल्या टाटा जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण व शिरवटा येथे पाणी अडवून ते खोपोलीच्या वीजगृहाकडे सोडले आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. टाटा समूहाच्या कंपन्यांची जुनी कागदपत्रे जतन करणारी टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज ही संस्था १९९१ मध्ये स्थापन झाली व आज ती पुण्यात आहे. कंपनीच्या कागदांत तलाव दिसतो तो पाणीसाठा आणि भांडवल या रूपांत. त्याखालची जमीन कोणाची होती हे मात्र महसुली कागदांत, भूसंपादनाच्या निवाड्यांत आणि तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदींत, शोधावे लागते. उद्योगाचा संग्रह आणि गावचा महसुली कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचल्याखेरीज लोणावळ्याच्या विजेचा इतिहास हा केवळ वीज घेणाऱ्यांचा इतिहास ठरतो.