रिंगणातली लढाई

मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. गोल करून माणसं उभी, टाळ्या चाललेल्या, गाणं चाललेलं, मधे दोघं झोके घेत एकमेकांवर पाय फिरवतायत आणि पाय मात्र कुणालाच लागत नाही. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, ही फुगडी म्हणायची का मारामारी?" प्रश्न बरोबरच होता. ब्राझीलच्या पोलिसांनाही तो पडायचा.

या खेळाचं नाव कापोएरा. ब्राझील हा दक्षिण अमेरिकेतला देश. गोव्यावर ज्या पोर्तुगीजांनी राज्य केलं, त्यांचंच तिथंही होतं. उसाच्या मळ्यांत राबायला त्यांनी आफ्रिकेतून माणसं धरून आणली. तीनशे वर्षांत चाळीस लाखांहून जास्त. अंगोला, कांगो, बेनिनकडची ही माणसं. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना, पण ताल कळत होता. मालकाला नाच वाटावा म्हणून लढाईला गाणं जोडलं, अशी गोष्ट तिथले लोक आजही सांगतात.

13 मे 1888 ला गुलामगिरी कायद्याने संपली. सुटलेल्यांना जमीन मिळाली नाही, पैसा मिळाला नाही. मिळाला तो 1890 चा फौजदारी कायदा. रस्त्यात, चौकात कापोएरा खेळताना सापडलं तर दोन ते सहा महिने तुरुंग! मग खेळ परसात गेला, बंदराच्या कडेला गेला. बेरिंबाव नावाचं त्यांचं एकतारी वाद्य आहे. धनुष्यासारखी काठी, तिला तार, खाली पोकळ भोपळा. घोडेस्वार पोलीस येताना दिसले की वाजवणारा चाल बदलायचा आणि खेळणारे नाचायला लागायचे, असं सांगतात. त्या चालीचं नावच घोडदळ आहे.

कायद्याने गुन्हा ठरवलेली गोष्ट टिकली, कारण ती एकाने दुसऱ्याला देत ठेवली. साल्वादोर शहरात पास्तिन्या नावाचा एक मुलगा होता, जन्म 1889 चा. गल्लीतला थोराड पोरगा त्याला रोज बदडायचा. खिडकीतून हे बघणाऱ्या बेनेदितो नावाच्या म्हाताऱ्या आफ्रिकनाने त्याला घरात बोलावून खेळ शिकवला. हे पास्तिन्या स्वतःच पुढे सांगायचे. 1941 साली त्यांनी आपलं शिकवण्याचं केंद्र काढलं. त्याच शहरात बिंबा नावाच्या दुसऱ्या गुरूंनी 1932 मध्ये शाळा काढली होती आणि 1937 मध्ये तिला सरकारी मान्यता मिळवली. ज्यासाठी तुरुंग होता, त्याचीच नोंदणी झाली.

पण नाव झालं म्हणून पोट भरलं, असं नाही. 1966 मध्ये पास्तिन्या खेळाचं पथक घेऊन आफ्रिकेत सेनेगलला जाऊन आले. पुढे जुन्या वस्तीची डागडुजी करायची म्हणून त्यांना जागेतून बाहेर काढलं. डोळे गेले होते. बायको, रोमेलिया, चवळीचे वडे तळून विकायची, त्यावर घर चालायचं. 1981 मध्ये ते गरिबीतच गेले. 2014 मध्ये युनेस्कोने या खेळाच्या रिंगणाला जगाचा वारसा म्हटलं. त्या वड्यांचा उल्लेख कुठल्या कागदावर असेल, असं आम्हाला वाटत नाही.

आणि बायका? जुन्या गोष्टींत एक मारिया येते, 'बारा पुरुषांची मारिया'. तिने एकटीने बारा जणांना लोळवलं म्हणे. पण गोष्टीत असणं वेगळं आणि रिंगणात असणं वेगळं. बायकांनी टाळ्या द्याव्यात, गाण्यात मागे सूर धरावा, बेरिंबाव पुरुषांनी वाजवावा, अशी रीत कितीतरी वर्षं होती. (आमच्याकडे ग्रामसभेत सतरंजीची मागची कड बायकांची असते, तसंच.)

साल्वादोरला पास्तिन्यांच्या परंपरेत शिकलेल्या जांजा या गुरू इतिहासाच्या अभ्यासक आहेत. 1995 मध्ये त्यांनी साव पावलो शहरात गट सुरू केला आणि नाव ठेवलं न्झिंगा. सतराव्या शतकात पोर्तुगीजांशी अनेक वर्षं लढलेली अंगोलाची ही राणी. पावलिन्या नावाच्या दुसऱ्या बाई आणि पोलोका नावाचे एक गुरूही त्यांच्या सोबतीला आले. तिथं खेळ शिकवतात आणि वर्णभेदाबद्दल, घरातल्या-बाहेरच्या मारहाणीबद्दल बोलतातही. कारण रिंगणात एकीला धक्का बसला आणि बाकीच्या टाळ्या वाजवत राहिल्या, तर ते रिंगण कसलं, असा त्यांचा सवाल असतो.

हे सांगून झाल्यावर आजींनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. या वेळी त्या खेळणाऱ्यांकडे बघत नव्हत्या. "मोठा बेरिंबाव कुणाच्या हातात आहे ते दाखव," म्हणाल्या. कारण मोठा बेरिंबाव ज्याच्या हातात, तोच खेळ सुरू करतो, थांबवतो, कुणी आत यायचं ते ठरवतो. तो एका बाईच्या हातात होता. तिने काठी जराशी पुढे झुकवली आणि पायाशी बसलेल्या दोघी हात मिळवून आत उतरल्या.