वेताळ, कृष्ण आणि माजिद

मनुष्य देशांतरास निघतो तेव्हा त्याच्या सामानाची मोजदाद होते. त्याच्या मनातील कथांची होत नाही. १८३४ पासून गिरमिटाच्या करारावर जी माणसे मॉरिशसच्या ऊसमळ्यांत गेली, त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या गाठोड्यांत ग्रंथ थोडेच असतील. परंतु राम-कृष्णांच्या कथा त्यांच्या मुखी होत्या आणि कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने टिकली. त्यांचे आपण वंशज आज अमिरातीत बसून मुलांच्या हाती चित्रकथांची पुस्तके देतो. जुने नायक नव्या आवृत्त्यांतून पुन्हा अवतरत असताना, त्यांच्याबरोबर नेमके काय परत येते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम वेताळाचे उदाहरण घेऊ. १९३६ साली ली फॉक या अमेरिकन लेखकाने ‘फँटम’ हा मुखवटाधारी वीर निर्माण केला. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू केली आणि मराठीत येताच तो वीर ‘वेताळ’ झाला. कोकणात व गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार. रात्री गावाची फेरी करताना त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला नव्या वहाणा अर्पण करतात. एका समर्पक नावाने परका वीर आपल्या वेशीवर उभा राहिला! १९९० मध्ये ती माला बंद पडली. तरीही वाचकांचा लोभ आटला नाही, आणि अलीकडे भारतातील प्रकाशकांनी वेताळाच्या कथा पुनश्च छापल्या आहेत.

त्याच टाइम्स समूहात काम केलेले अनंत पै यांनी १९६७ साली दिल्लीच्या दूरदर्शनवर एक प्रश्नमंजूषा पाहिली. ग्रीक देवतांविषयी उत्तरे देणाऱ्या मुलांना रामाच्या मातेचे नाव सांगता आले नाही. या खंतीतून मुंबईच्या इंडिया बुक हाऊसतर्फे ‘अमर चित्रकथा’ उभी राहिली. तिच्यातील ‘कृष्ण’ राम वाईरकर यांच्या कुंचल्याने साकारला. पुढे मालेत चारशेहून अधिक पुस्तके निघाली. २००७ साली ती नव्या मालकांकडे गेली, आणि जुन्या पुस्तकांबरोबर नवीही येऊ लागली.

आता आपण राहतो त्या भूमीकडे पाहू. अबूधाबीहून २८ फेब्रुवारी १९७९ रोजी ‘माजिद’ हे अरबी बालसाप्ताहिक निघाले. त्याचे नाव पंधराव्या शतकातील थोर दर्यावर्दी अहमद इब्न माजिद याच्यावरून ठेवलेले. तो जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल खैमा परिसरातला. ज्या हिंदी महासागरातून आपले पूर्वज गेले, त्याच्याच जलमार्गांचा तो जाणकार. २०१५ साली ‘माजिद’च्या नावाने मुलांसाठी दूरचित्रवाहिनीही सुरू झाली. नायक जुने, साधन नवे. परंतु भाषा मात्र त्या मुलांच्या घरची, अरबीच राहिली.

आपली उणीव नेमकी येथेच आहे. आपली मुले कृष्णाला ओळखतात. पण बहुधा इंग्रजीतून. चित्रातले मोरपीस तेच असते, यशोदेची हाक मात्र निराळी झालेली असते. यात पुस्तकाचा दोष नाही. पुस्तक चित्र देते, प्रसंग देते. आवाज घरातल्या वडीलधाऱ्यांनी द्यावयाचा असतो. निरक्षर आजीने मळ्यातल्या झोपडीत हे काम पुस्तकाविना केले. आपल्यापाशी तर आज पुस्तकही आहे.

तेव्हा वाचकहो, नवे पुस्तक घरी आणाल तेव्हा ते मुलाच्या हाती देऊन मोकळे होऊ नका. त्याला जवळ घेऊन प्रत्येक चित्राची गोष्ट आपल्या मराठीत सांगा. ती मोडकीतोडकी असली तरी चालेल. रामाच्या आईचे नाव कौसल्या, हे त्याने प्रथम आपल्याच तोंडून ऐकावे.