पाचवी मागणी

रविवारी सकाळी चहाचा दुसरा कप हातात घेताना नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण करावे, एवढे त्यांचे आपल्यावर ऋण आहे. मुंबईच्या गिरणीमालकांनी १८९० साली रविवारची सुटी मान्य केली, ती त्यांच्या खटपटीमुळे. पण या सुटीच्या कीर्तीआड त्यांची आणखी एक मागणी झाकली गेली. माझ्या मते तीच अधिक दूरदृष्टीची होती.

२३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे अनुयायी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. त्याआधी त्यांनी एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी केलेली, तेव्हा आतले जग त्यांच्या परिचयाचे. फॅक्टरी कमिशनपुढे ठेवायच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मागण्या पाच. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. पाचवी अशी की, गिरणीत काम करताना ज्याला जबर दुखापत होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

‘बरा होईपर्यंत’ या दोन शब्दांत केवढा मोठा प्रश्न दडला होता! १८८१ च्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायला सांगितले होते खरे; पण त्यातूनही एखाद्याचा हात पट्ट्यात सापडला तर पुढे त्या माणसाचे काय, याविषयी कायदा मुका होता. बिनपगारी माणसाला मुंबईची खोली परवडायची कशी? तो आपला कोकणात नाहीतर घाटावर, गावी जाई. तेथे हाडवैद्य किंवा तालमीतला वस्ताद हाड बसवी, कामट्या बांधी, तेल चोळी. हाड जुळेही. पण हाड सांधणे वेगळे आणि हात कामाला येणे वेगळे. महिना-दोन महिने बांधून ठेवलेल्या हाताचे सांधे आखडतात, दंड वाळतो. तुटलेला धागा सांधायचा तर चिमटीत नेमकेपणा हवा आणि दिवसभर उभे राहायचे तर पायांत बळ हवे. ते बळ येण्याच्या आतच पोटासाठी माणूस पुन्हा भोंग्याला हजर होई. ज्याला जमत नसे, त्याच्या साच्यावर बदली उभा असे.

सरकारला आधी काळजी पडली ती शिपायांची. १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असतानाच, गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पत्नींनी जायबंदी हिंदी सैनिकांसाठी मुंबईत क्वीन मेरी टेक्निकल स्कूल काढले. पुढे ते खडकीला गेले. अधू झालेल्याला नुसती भाकरी न देता नवा धंदा शिकवावा, हा विचार थोरच. परंतु रणांगणावर पाय गेला तर शाळा, आणि गिरणीत गेला तर गावची वाट, हा भेद मनाला बोचल्यावाचून राहत नाही.

गिरणीतल्या माणसासाठी १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा यावा लागला. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्याचे परिशिष्ट वाचताना अंगावर काटा येतो. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ती ७० टक्क्यांनी उणी, डावा गेला तर ६०. अंगठ्याचे २५, तर्जनीचे १०. सोनाराच्या काट्यावर माणूस तोलावा, तसा हा हिशेब! तरीही पाऊल मोठेच होते. तात्पुरत्या दुखापतीला पहिले दहा दिवस वगळून अर्धा पगार मिळू लागला. लोखंड्यांनी पूर्ण मागितला होता. पण ते १८९७ च्या प्लेगातच गेले, त्यांना हा अर्धाही पाहायला मिळाला नाही.

पैशांचे असे झाले. गेलेली ताकद परत आणण्याची विद्या मात्र परळात आली १९५० साली, तीही एका अमेरिकन सुनेच्या हातून. एलिझाबेथ लंडी ही मुलगी विष्णू निंबकरांशी लग्न करून कमलाबाई झाली. (इरावतीबाई कर्व्यांच्या जाईच्या या सासूबाई.) अमेरिकेत व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी गिरणगावातल्या के. ई. एम. रुग्णालयात या शास्त्राचे आशियातले पहिले विद्यालय काढले.

या उपचारात औषधाची बाटली नसते. रोग्याला काम देतात, पण मापून. खांदा आखडला असेल तर रंधा मारायला लावतात. बोटे ताठरली असतील तर आधी जाड दोरीच्या गाठी आणि मग हळूहळू बारीक सूत. घोट्यासाठी हातमागाची पावडी. आज दहा मिनिटे, चार दिवसांनी पंधरा. दुखले म्हणून सोडायचे नाही आणि हौसेने अति करायचे नाही, हे सांभाळण्यातच उपचार करणाराचे सारे कसब. हात वर किती जातो यापेक्षा या माणसाला नेमके कोणते काम करायचे आहे, हे तेथे आधी विचारतात. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने हाजी अलीला अखिल भारतीय पुनर्वसन संस्था उभी राहिली आणि या कामाला सरकारी छत्रही मिळाले.

सुपारीबागेतल्या सभेला जमलेले गिरणीतल्या यंत्रांवरचे कामगार होते. त्यांच्याच परळात, सहासष्ट वर्षांनी, जखमी पायाला बळ यावे म्हणून रोग्यापुढे मांडला गेला तो आजोबांच्या काळचा हातमाग.