दादऱ्याची रात्र

गोव्याच्या मुक्तीचा विषय निघाला की १९ डिसेंबर १९६१ ही तारीख आपल्याला आठवते. भारतीय सेनेने अवघ्या छत्तीस तासांत साडेचारशे वर्षांची परकी सत्ता संपवली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु पोर्तुगीज सत्तेच्या तटाचा पहिला चिरा त्याच्या सात वर्षे आधी निखळला होता. तोही गोव्यात नव्हे, तर दमणजवळच्या दादरा नावाच्या एका लहानशा वस्तीत.

कोथरूडच्या आमच्या धर्मग्रामात गोवा, वसई आणि नगर या तिन्ही भागांतून आलेली कुटुंबे रविवारी एकाच बाकावर बसतात. मिस्सा आटोपल्यावर तेथील एका तरुणाने मला विचारले, ‘‘फादर, त्या लढ्यात आपली माणसे कोणत्या बाजूला होती?’’ प्रश्न साधा होता; मात्र त्यामागे एक जुना सल होता. कॅथलिक म्हणजे पोर्तुगीजांचे पाठीराखे, हा आरोप आपल्या वाडवडिलांनी पुष्कळदा ऐकला आहे. त्या तरुणाला द्यावयाचे उत्तर दादऱ्याच्या त्या एका रात्रीत आहे, आणि ते वाटते तितके सोपे नाही.

प्रथम हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला कसा, ते पाहू. याची सुरुवात आपल्या पुण्यातच झाली. इंग्रजांशी युद्ध चालू असताना पोर्तुगीजांची मैत्री टिकवणे पेशवे दरबाराला अगत्याचे वाटत होते. १७७९ च्या तहान्वये मराठ्यांनी त्यांना दमणच्या परिसरात बारा हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख देण्याचे मान्य केले. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे आला. सुमारे ४९१ चौरस किलोमीटरची ही ७२ गावे. वस्ती मुख्यतः वारली, ढोडिया, कोकणा या आदिवासींची. चोहोबाजूंनी भारतीय भूमी असल्यामुळे दमणहून तेथे जायचे तर भारताचा प्रदेश ओलांडावा लागे.

१९४७ मध्ये इंग्रज गेले, पोर्तुगीज मात्र हटेनात. पंतप्रधान सालाझार यांच्या राजवटीने १९५१ मध्ये राज्यघटना बदलली आणि आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव दिले. वसाहतच नाही म्हटल्यावर ती सोडण्याचा प्रश्न उरत नाही, असा हा युक्तिवाद! १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. बोलणी खुंटली आणि तरुणांच्या मनात वेगळे विचार घोळू लागले.

२१-२२ जुलै १९५४ च्या रात्री ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स’ या संघटनेचे सुमारे पंधरा कार्यकर्ते दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चालून गेले. त्यांचे पुढारी होते फ्रान्सिस मास्कारेन्हस आणि वामन देसाई. ठाण्याचा प्रमुख होता आनिसेतो रोझारिओ. चकमकीत तो मारला गेला आणि ठाणे पडले. दादरा मुक्त झाला.

वाचकहो, ही नावे पुन्हा एकदा वाचा. हल्ला करणाऱ्यांचा पुढारी फ्रान्सिस, ठाणे राखताना पडलेला आनिसेतो. पोर्तुगीज सत्तेवरील या पहिल्या घावाच्या वेळी दोन्ही बाजूंस बाप्तिस्म्याची नावे धारण करणारी माणसे होती. ‘आपली माणसे कोणत्या बाजूला होती?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर हेच आहे : दोन्ही बाजूंना.

यानंतर घटना वेगाने घडल्या. दमणहून सशस्त्र कुमक नेण्यास भारत सरकारने वाट दिली नाही. जुलै संपण्यापूर्वी नरोली पडले. २ ऑगस्ट रोजी आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते यांनी सिल्वासा ताब्यात घेतले. या मोहिमेत पुणेकरांचा वाटा मोठा होता. विनायकराव आपटे, राजा वाकणकर, पुढे शिवशाहीर म्हणून कीर्तिमान झालेले बाबासाहेब पुरंदरे आणि संगीतकार सुधीर फडके ही मंडळी तीत होती. मोहिमेच्या निधीसाठी लता मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रमही पुण्यात झाला होता. ज्या पुण्याच्या तहाने हा मुलूख गेला, त्याच पुण्याचे तरुण तो परत आणण्यास गेले, हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल.

या लढ्यात कॅथलिकांचे योगदान एका फ्रान्सिसपुरते मर्यादित नाही. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समितीची स्थापना करणारे त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा चांदरचे. १९४६ मध्ये त्यांना पकडून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबण्यात आले. त्याच वर्षी १८ जूनला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांच्या शेजारी उभे राहणारे डॉ. जुलियाव मिनेझिस असोळण्याचे. जन्माने आणि संस्काराने ही माणसे कॅथलिक. पोर्तुगालशी मात्र त्यांचे मन जडले नव्हते.

सालाझार राजवटीचा डाव नेमका येथेच होता. गोवा गेला तर तेथील श्रद्धा बुडेल, असे चित्र ती जगापुढे उभे करीत होती. ख्रिस्तसभेने हा डाव ओळखला. १९५० च्या करारान्वये मुंबईसह भारतातील धर्मप्रांतांच्या नेमणुकांतील पोर्तुगालचा जुना अधिकार संपुष्टात आला. पंडित नेहरू १९५५ च्या जुलैमध्ये पोप बारावे पायस यांना भेटले. गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नव्हे, हे पोपमहोदयांना मान्य असल्याचे नेहरूंनी भेटीनंतर सांगितले. क्रूस आणि राजाचे निशाण एकाच गलबतातून या किनाऱ्यावर उतरले, हे खरे. म्हणून निशाण उतरले की क्रूसही उतरतो, असे होत नाही.

पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. तेथे १७७९ च्या त्या तहाचा कीस पाडला गेला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते, केवळ महसूल दिला होता, असे न्यायालयाने म्हटले. मात्र इंग्रजी अमलात पोर्तुगीज सत्ता मान्य झाली होती आणि सामान्य माणसे, मुलकी अधिकारी व माल यांपुरता वाटेचा हक्क पोर्तुगालला होता, असेही ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा हक्क मात्र नाकारला गेला, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असा निर्णय झाला. ऑगस्ट १९६१ मध्ये हा प्रदेश रीतसर भारतात समाविष्ट झाला.

आता पुन्हा त्या रात्रीकडे वळू. ‘खून करू नकोस’ ही आज्ञा शिकवणाऱ्या धर्मगुरूला ती रात्र सहजासहजी ओलांडता येत नाही. परकी सत्ता हा अन्याय होता, आणि त्याविरुद्ध उभे राहणे न्याय्य होते, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु न्याय्य कार्यातही कोणाच्या तरी घरचा माणूस पडतो. आपण फ्रान्सिसचा अभिमान बाळगावा. तो आपला पूर्वज आहे. पण आनिसेतोही आपल्याच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांपैकी होता. त्याला हुतात्मा म्हणण्याची गरज नाही, तसे परका म्हणून पुसून टाकण्याचीही नाही.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले, ‘‘बाळ, श्रद्धेने आपली बाजू ठरवून दिली नव्हती, ती ज्याची त्याने सदसद्विवेकाने निवडावयाची होती. ज्यांनी स्वातंत्र्याची बाजू निवडली, त्यांनी योग्य निवड केली.’’ येत्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मेणबत्ती लावताना दादऱ्याच्या त्या दोघांचीही आठवण ठेवू या. देवापाशी त्यांचे ठाणे एकच आहे.